मरायला हवी होती ती ओळ

मानवाने आधी आगीचा शोध लावला, मग चाकाचा, आणि त्यानंतर वनस्पतींच्या मरणावर कायमचा विजय मिळवला तो सारोळखेडच्या तेलबिया सुधार केंद्रात, २०४१ सालच्या श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी. निदान निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं होतं. प्रत्यक्षात सकाळी सभागृहातला प्रोजेक्टर लागेना, उपवासवाल्यांची साबुदाण्याची खिचडी निवायला लागली, आणि मरणावरचा विजय जेवणं उरकल्यावर घ्यायचा ठरला.

मंत्रिमहोदय स्वतः येणार नव्हते, त्यांची प्रकाशप्रतिमा येणार होती. ती आली. तिला हार घालायला केंद्राचे संचालक डॉ. विलासचंद्र कोठुळे पुढे सरसावले. हार प्रतिमेतून आरपार जाऊन जमिनीवर पडला. कोठुळ्यांनी तो उचलला, झटकला आणि वाया नको जायला म्हणून स्वतःच्या गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या डॉ. सुमेधा बिडवई यांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात खिचडीची दुसरी ताटली होती, आणि ती टाळ्यांपेक्षा बरी होती.

सुमेधाबाई केंद्राच्या वनस्पती रोगशास्त्रज्ञ. त्यांचं काम, स्पष्टच सांगायचं तर, करडई मारण्याचं. केंद्राच्या मागच्या अंगाला एक जमिनीचा तुकडा होता, त्याला सगळे रोगट वाफा म्हणत. बाकी जग जमीन निरोगी ठेवायला धडपडतं. इथं बत्तीस वर्षं ती आजारी कशी राहील हे पाहिलं जात होतं. करडईच्या मर रोगाची बुरशी मातीत राहते. मुळातून आत शिरते, खोडातून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबवते, आणि झाड ओल्या जमिनीत उभं राहून तहानेनं मरतं. ही बुरशी ज्वारीच्या दाण्यांवर वाढवून दर हंगामात त्या वाफ्यात मिसळली जाई. जावयाची होत नाही एवढी तिची बडदास्त होती. मग पैदासकारांनी घडवलेले नवे वाण त्या मातीत पेरायचे. जे मेले ते मेले. जे उभे राहिले त्यांच्या अंगात रोगाशी झगडण्याचा गुण आहे, असं धरायचं.

धरायला अट एकच होती. दर दोन ओळींनंतर एक ओळ ‘कांचन’ या जुन्या वाणाची असे. कांचनने मरायचं, एवढंच तिचं काम. ती झाडून सगळी मेली, तर माती खरोखर आजारी आहे हे कळतं आणि शेजारी जगलेल्याचं जगणं खरं मानता येतं. कांचनच जगली, तर त्या वर्षीची चाचणी बाद. ही कांचन चाळीस वर्षांपूर्वी याच केंद्राने ‘मर रोगास संपूर्ण प्रतिकारक’ म्हणून वाजतगाजत शेतकऱ्यांच्या हाती दिली होती. बुरशीने तिचा अभ्यास केंद्राच्या आधी पुरा केला.

सुमेधाबाईंचे यजमान, डॉ. दिगंबर बिडवई, त्याच केंद्रात पैदासकार होते. म्हणजे नवरा करडई जन्माला घाली आणि बायको ती मारी. ओळख झाली तीही अशीच. दिगंबररावांनी आपल्या पहिल्यावहिल्या वाणाचं बियाणं त्यांच्याकडे चाचणीला पाठवलं होतं, आणि बाईंनी उलट टपाली कळवलं होतं की एकही रोप वाचलं नाही, कृपया अधिक पाठवावे. दिगंबररावांना त्या ‘अधिक पाठवावे’मध्ये काहीतरी दिसलं. माणसाला तरुणपणी कशातही काहीही दिसतं.

त्यांचा जीव होता तो ४१७ क्रमांकाच्या वाणावर. जंगली काटेरी करडईशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांनी तो आणला होता. घरात त्याला नुसतं चारशे सतरा म्हणत. खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांना बरेच दिवस वाटे की हा कुणी नातेवाईक आहे आणि त्याची प्रकृती नाजूक असते. दर हंगामात जेवताना तेच बोलणं.

“माझी किती गेली?”

“निम्मी.”

“निम्मी म्हणजे गेल्या वर्षीइतकीच?”

“निम्मीला थोडी जास्त. वांगं घ्या, बरं झालंय.”

यात राग नव्हता. बाई खोटं सांगत नाहीत याच भरवशावर तो संसार चालला होता. पण आता दिगंबरराव पुढच्या जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते, आणि ज्याच्या नावावर एकही प्रसारित, म्हणजे शेतकऱ्यांच्या हाती गेलेला, वाण नाही असा पैदासकार म्हणजे जन्मभर पंगतीत वाढून शेवटी उपाशी घरी गेलेला माणूस. त्यांना ते झोंबत होतं. बोलत नव्हते, पण वांगं कमी घेत होते.

तर त्या सोमवारी ज्याचं लोकार्पण झालं ते यंत्र. आकार लहान फ्रिजएवढा, नाव त्रिकालवेत्ता. नाव कोठुळ्यांनी ठेवलं होतं. केंद्रातले लोक त्याला पोपट म्हणत, कारण जत्रेतल्या ज्योतिषाच्या पोपटासारखं ते एक आकडा काढून देई. त्याची करणी अशी. झाडाचं रोपटं असतानाच पानाची एक टिकली कापून आत सरकवायची. यंत्र तिच्यातला वंशसंदेश वाचतं, म्हणजे त्यातल्या हजारो ठरावीक जागी कोणती अक्षरं आहेत ते टिपतं. रोगट वाफ्यात आजवर कोणतं झाड जगलं, कोणतं मेलं आणि त्यांची अक्षरं कोणती होती, हे त्याला आधीच शिकवलेलं असतं. मग जगलेल्यांशी मिळतीजुळती अक्षरं जितकी जास्त, तितका आकडा मोठा. त्याने बुरशी कधी पाहिलेली नसते. त्याने फक्त निकाल पाहिलेले असतात. म्हणजे मार्गदर्शक पाठ करून पहिल्या आलेल्या मुलासारखं ते हुशार होतं. हे सगळं खरं शास्त्र आहे, आणि शिकवणारे धड असले तर त्याचा फार उपयोग होतो.

प्रकाशप्रतिमेसमोर कोठुळ्यांनी यंत्रात ४१७ची टिकली सरकवली. यंत्र गुणगुणलं. पडद्यावर आकडा उमटला: सत्त्याण्णव.

सभागृहात कुजबुज झाली. दिगंबरराव उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांना कुणीतरी बुंदीचा लाडू भरवला. उपवास होता, तरी त्यांनी गिळला. कोठुळ्यांनी जाहीर केलं की केंद्राला आता त्या घाणेरड्या वाफ्याची गरज उरलेली नाही, दिवाळीआधी तिथं काँक्रीट पडेल आणि त्यावर ‘प्रतिकार उद्यान’ उभं राहील, कारंज्यासकट.

घरी जाताना दिगंबरराव गाडीत एकटेच हसत होते.

“सत्त्याण्णव गं!”

“हो.”

“तीन कमी शंभरला.”

“गणित येतं मला. वाफ्यात निम्मी मरते, आणि पोपट म्हणतो सत्त्याण्णव. हे कसं?”

“तुझा वाफा चुकत असेल.”

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. सुमेधाबाईंनी खिडकीची काच वर केली.

त्यांना कारण साधारण माहीत होतं. केंद्रातल्या सगळ्यांनाच होतं. कुणी जोडून पाहत नव्हतं एवढंच. चार वर्षांपूर्वी दिल्लीहून सचिव येणार होते, आणि आधीच्या दिवशी कोठुळे पहिल्यांदाच मागच्या अंगाला फिरकले होते.

“हे काय, मॅडम? सगळं मेलंय!”

“मरायलाच हवं, सर. ही कांचन आहे. ती मेली म्हणजे चाचणी खरी.”

“अहो मरू दे ना, मी कुठं नको म्हणतो? पण मागच्या बाजूला मरू दे. पाहुण्यांच्या वाटेवर जरा हिरवं दिसलं पाहिजे. आपण तेलबिया सुधार केंद्र, स्मशान नव्हे.”

पाहुणे आले, फोटो काढून गेले. त्यानंतर पाहुण्यांची रीघच लागली, तेव्हा पुढच्या हंगामापासून पेरणीबरोबरच वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ओळींना बुरशीनाशकाची आळवणी होऊ लागली, म्हणजे औषधाचं पाणी झाडांच्या बुंध्यात ओतलं जाऊ लागलं. आजारी ठेवलेल्या जमिनीला औषध पाजण्याचा हा प्रकार जगात दुसरीकडे कुठं झाला असेल असं वाटत नाही. वाटेलगतचं सगळं जगलं. कांचनसुद्धा जगली, आणि बिचारी फुलली. सुमेधाबाईंनी दर वर्षी बैठकीत सांगितलं की चाचणी बाद धरा. कोठुळे म्हणाले की बाद धरली तर पाहुण्यांना आपण काय दाखवलं, असा प्रश्न येईल. बैठकीत चहा आला आणि विषय संपला. बाई मोजत त्या मागच्या, औषध न मिळालेल्या ओळी; वाटेलगत पहिली ओळ मात्र दर वर्षी ४१७ची असे, कारण दिगंबररावांना आपलं लेकरू पाहुण्यांच्या नजरेत भरायला हवं होतं.

लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधाबाई यंत्राच्या खोलीत गेल्या. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी, मिहीर खाडिलकर, तिथं बसून ताक पीत होता. पस्तिशीचा, मनमिळाऊ, ज्याचं काही बिघडलेलं नाही असा माणूस.

“मिहीर, बत्तीस वर्षांचे निकाल दिले होते ना तुम्हाला? सगळे शिकवलेत?”

“दिले ना, मॅडम! पण जुने हाताने मोजलेले. त्यांना वजन कमी ठेवलंय. शेवटच्या तीन वर्षांचे मात्र एकदम झकास आहेत. खांबावरच्या कॅमेऱ्याने रोज फोटो टिपलेले.”

“खांब कुठं आहेत?”

“वाटेच्या कडेनं. वीज तिथंच होती.”

सुमेधाबाईंनी खिशातून एक पान काढलं, टिकली कापली आणि यंत्रात सरकवली. यंत्र गुणगुणलं. चौऱ्याण्णव.

“वा!” मिहीर म्हणाला. “हा कुठला वाण, मॅडम?”

“कांचन.”

“जोरदार आहे.”

“ही मरण्यासाठी पेरतात, मिहीर. हिचा दुसरा उपयोग नाही. तुमचा पोपट झाडाची अक्षरं वाचत नाहीये, वाटेजवळ औषध पिऊन कोण उभं होतं ते सांगतोय.”

मिहीरचं ताक अर्ध्यावर थांबलं. मग तो म्हणाला की हे वरती कळवायला हवं, आणि वर म्हणजे कुठं हे आपल्याला नक्की ठाऊक नाही.

सुमेधाबाईंनीच वर कळवलं. कोठुळ्यांनी शांतपणे ऐकलं. आकडा वहीत टिपून घेतला. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे मॅडम, या यंत्राने पहिल्याच आठवड्यात आपली आणखी एक प्रतिकारक जात शोधून दिली की!”

“सर, ती कांचन आहे.”

“आपलीच ना? मग पुनःप्रसारित करू. कांचन-अमृत. जुनं ते सोनं असं काहीतरी पत्रकात घालता येईल.” त्यांनी घंटी वाजवली. “आणि तुमच्या सहीचं बघा. ४१७च्या प्रसारणाच्या प्रस्तावावर रोगशास्त्रज्ञाची सही राहिलीय. बिडवई सरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्ही घरच्याच, तुम्हाला मी काय सांगायचं?”

ही त्या माणसाची खरी हुशारी. शास्त्रात त्याला गती नव्हती, पण कुणाच्या घरात कुठली भिंत कच्ची आहे हे त्याला बरोबर कळे.

त्या संध्याकाळी सुमेधाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. कांचनचा आकडाही सांगितला. दिगंबररावांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. मग म्हणाले, “तुला माझं एकदासुद्धा चांगलं झालेलं बघवत नाही.”

“मला मेलेलं जगलंय म्हणून सांगवत नाही.”

“सही कर, सुमेधा. लोक काय, पेरतील. एखाद्याचं गेलं तर गेलं. मर कुठं येत नाही?”

“एखाद्याचं गेलं तर तो ते नांगर घालून मोडेल आणि तुमचं नाव घेऊन शिव्या देईल. तुमचं. कोठुळ्यांचं नाही.”

हे मात्र त्यांना लागलं. मग बाईंनीच तोडगा काढला. वाफ्यावर काँक्रीट पडायच्या आत तिथली आजारी माती रंगाच्या रिकाम्या बादल्यांत भरून गच्चीवर आणायची. निम्म्या बादल्यांत चारशे सतरा, निम्म्यांत कांचन. आळवणी नाही, पाहुणे नाहीत.

“तुमची जगली, तर मी डोळे मिटून सही करते.”

“आणि मेली तर?”

“तर तुम्ही स्वतः प्रस्ताव मागे घ्यायचा.”

दिगंबररावांनी हात पुढे केला. नवराबायकोंनी गच्चीच्या दारात, लग्नानंतर प्रथमच, हस्तांदोलन केलं.

पुढचे काही आठवडे त्या घराला बरे गेले. खालच्या देशपांड्यांनी विचारलं की एवढ्या बादल्यांत काय लावलंय. दिगंबरराव म्हणाले, भवितव्य. सकाळचा चहा गच्चीवर होऊ लागला. भाद्रपदात आता पूर्वीसारखा उन्हाला उतार नसे, सकाळी आठलाच सिमेंट तापे, आणि मर रोगाला तापलेली ओली माती फार मानवते. पाणी घालायचं काम दिगंबररावांनी आपणहून घेतलं. तीस वर्षांत त्यांनी तुळशीलाही पाणी घातलं नव्हतं, त्यामुळे बाईंना बरं वाटलं.

कांचन ठरल्याप्रमाणे मरू लागली. आधी खालची पानं पिवळी, मग एक बाजू मलूल, मग सगळं रोप मान टाकून. चारशे सतरा मात्र उभी होती. हिरवी, ताठ, काटे फुटायच्या बेतात. सुमेधाबाई दर सकाळी एकेका रोपाशी वाकून पाहत आणि स्वतःशीच पुटपुटत. गेल्या वर्षी निम्मी मेलेली ही बया यंदा कशी तग धरते? कदाचित बियाणं शुद्ध झालं असेल. कदाचित वाफ्यातल्या मागच्या भागात पाणी साचत असेल आणि आपण उगाच बुरशीवर आळ घेतला असेल. माणूस शिकलेला असला की आशेलाही शास्त्रीय कारणं सापडतात. त्या दिवशी त्यांनी गुळाचा शिरा केला. दिगंबररावांनी दोनदा घेतला, पण बायकोच्या डोळ्याला डोळा दिला नाही. हे बाईंना नंतर आठवलं.

सही करायच्या आदल्या दिवशी बाई बादल्या सावलीला सरकवत होत्या. एक बादली उचलली, खालच्या ताटलीत साचलेल्या पाण्याचा कडेला पांढुरका थर धरला होता. त्यांनी बोटानं पुसला, वास घेतला. शेजारची कांचनची ताटली पाहिली. स्वच्छ. मग चारशे सतराच्या सगळ्या ताटल्या पाहिल्या.

दिगंबरराव खाली खोलीत नखं कापत बसले होते.

“आळवणी केलीत?”

“कशाची?”

“कशाची म्हणजे? कढीची! बादल्यांना आळवणी केलीत का?”

नेलकटर थांबलं. “थोडीशी.”

“थोडीशी?”

“लहान होती गं ती. कोवळी असताना जरासा आधार दिला. पुढं तिची तीच उभी राहिली.”

“चाचणीत आधार?”

“तू कधी दिलास?” ते एकदम ओरडले. “तीस वर्षं माझं एकेक मारून वर वांगं वाढत आलीस. सगळं केंद्र राजरोस औषध पाजतं ते चालतं, आणि मी माझ्या घरच्या बादलीत चार घोट घातले तर मी चोर?”

“मग कांचनला का नाही घातलेत?”

दिगंबररावांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू तिनं फार अडाणी प्रश्न विचारलाय.

“ती मरायला हवी ना. नाहीतर चाचणी बाद झाली असती.”

सुमेधाबाई खाटेच्या कडेला बसल्या. खरं म्हणजे त्यांना हसू आलं होतं, पण ते वर आलं तेव्हा भलतंच काहीतरी होऊन आलं. हा माणूस पैदासकार होता, नवरा होता, आणि लबाडी करतानाही त्याने तुलनेची ओळ सोडली नव्हती. इतकं चांगलं प्रशिक्षण केंद्राने दुसऱ्या कुणाला दिलं नसेल.

सकाळी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. निजेचं खोबरं झालं होतं, पण वाक्य तयार होतं. या वाक्यानं दिगंबररावांचा वाण जाणार, संसारही बहुधा जाणार, हे त्यांना दिसत होतं.

“सर, मी ४१७वर सही करणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.”

कोठुळे काहीतरी शोधत होते. “हरकत नाही,” ते म्हणाले.

“हरकत नाही म्हणजे?”

“म्हणजे नका करू. परवाच वरून आदेश आलाय. यंत्राचा आकडा नव्वदच्या वर असेल तर रोगशास्त्रज्ञाची सही ऐच्छिक. वाण काल मंजूर झाला. बिडवई सर बोलले नाहीत का तुम्हाला?”

“मग गेला महिना तुम्ही रोज फोन करून जी सही मागत होतात, ती?”

“ती आपली शोभेला,” कोठुळे म्हणाले. “घरचं माणूस सोबत असलं की बरं दिसतं.”

अशा रीतीनं सुमेधाबाईंनी आयुष्यातला सर्वांत मोठा नकार दिला आणि तो कुणाला नको होता.

वाणाचं नाव ठेवलं ‘अनसूया’, कोठुळ्यांच्या आईचं. पैदासकारांच्या नावांत पहिलं कोठुळ्यांचं, मग मिहीरच्या कंपनीचं, मग प्रकाशप्रतिमेतल्या मंत्र्यांच्या खाजगी सचिवांचं, आणि शेवटी ‘सहकार्य: दि. बिडवई’. वाफ्यावर काँक्रीट पडलं. कारंजं बसलं, त्याला पाण्याची जोडणी तेवढी राहिली. बिडवईंच्या घरात बोलणं दूध आलं का आणि टाकी भरली का एवढ्यावर आलं. गच्चीवर कुणी जात नव्हतं.

रब्बीची पेरणी झाली आणि सुमेधाबाईंची झोप उडाली. काय होणार हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं दिसत होतं. रोपं उगवतील, शेतकरी बांधावरून कौतुकानं पाहील, मग एका आठवड्यात पट्टेच्या पट्टे माना टाकतील. माणूस पाणी देईल, कारण झाड तहानलेलं दिसतं, आणि पाण्यानं बुरशी आणखी माजेल. फोन वाजला की त्या हातातलं टाकून धावत. गॅसवाल्याचा असे.

कार्तिकात एकदा त्या भाजी निवडत होत्या, तेव्हा दिगंबरराव दारात येऊन उभे राहिले. बरेच दिवसांनी दुधाशिवायचं वाक्य बोलले.

“कुणाचा फोन आला का गं?”

“कुणाचा?”

“असाच. कुठून मर आल्याचा.”

“नाही.”

“माझ्याकडेही नाही.” ते खाली बसले आणि मेथीची एक काडी उचलली. “मला वाटतं, मी गाढवपणा केला. बादल्यांचा.”

“हो.”

“तू नुसतं हो म्हणतेस.”

“मग काय म्हणू? निम्मा?”

ते हसले. मग दोघांनी मिळून मेथी निवडली. दिगंबररावांनी चांगली पानं टाकून देठं ठेवली, पण बाई बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून फोनची वाट दोघं मिळून पाहू लागले. माणसं जवळ यायला बहाणा काहीही पुरतो, एखाद्याच्या शेतातली मर सुद्धा.

पण फोन आला नाही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. माघात कोठुळ्यांनी पत्रकार बोलावले आणि जाहीर केलं की अनसूया वाणाबद्दल संपूर्ण जिल्ह्यातून मर रोगाची एकही तक्रार आलेली नाही. एकही नाही! त्रिकालवेत्ता यंत्राला राज्य पुरस्कार मिळाला. प्रकाशप्रतिमा पुन्हा आली. या खेपेला हार थेट कोठुळ्यांनाच घालण्यात आला.

बिडवईंच्या घरी त्या रात्री जेवणात वांगं होतं, ते तसंच राहिलं. शेवटी दिगंबरराव म्हणाले, “सुमेधा, एक बोलू? कदाचित पोपटाला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.”

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी हे म्हटलं असतं, तर ताट आपटलं असतं. आता बाईंनी ताकाचं भांडं पुढे सरकवलं, कारण त्याही तोच विचार करत होत्या. जिल्हाभर एकही तक्रार नाही, ही काही थापेची गोष्ट नव्हती. मर आली असती तर लोकांनी केंद्राचं दार फोडलं असतं. मग आपण तीस वर्षं काय केलं? चांगली करडई उगाच मारली? ज्या माणसाचा वाण खरोखर सत्त्याण्णव होता, त्याला दर हिवाळ्यात वांगं वाढलं?

“उद्या जाऊ,” त्या म्हणाल्या. “एखादं शेत डोळ्यांनी बघू. तुमची जगली असेल, तर मी त्या बांधावर तुमची माफी मागते. सगळ्या गावासमोर.”

“माफी नको गं,” दिगंबरराव म्हणाले, पण त्यांनी सकाळी ठेवणीतला सदरा घातला.

केंद्राच्या फाटकाशी बियाणं विक्रीची खिडकी होती. तिथं गुट्टे नावाचा माणूस बसे. दिगंबरराव पुढे झाले.

“गुट्टे, अनसूया कुठल्या गावांना गेलीय? जवळचं एखादं सांगा. आम्हाला शेत बघायचंय.”

“शेत?” गुट्टेंनी चष्मा वर केला. “करडईचं?”

“हो. आपल्याकडून बियाणं नेलं असेल ना कुणी.”

“सर, करडई आता कोण पेरतंय? काढायला माणूस यायला तयार नसतो, काट्यांनी हात फाटतात. लोक येतात, हरभरा नेतात. हरभरा देऊ का? चांगला आलाय.”

“अहो पण थोडं तरी गेलं असेल,” सुमेधाबाई म्हणाल्या. “एवढा गाजावाजा झाला. कुणीतरी एकानं तरी?”

गुट्टेंनी मागच्या खोलीचं दार ढकललं. आतल्या पिशव्यांची थप्पी शिवण न उसवता छतापर्यंत उभी होती.

अनसूयाची एकही पिशवी विकली गेली नव्हती.